खळ्याच्या व अंगणाच्या झिजलेल्या कोब्याची दुरुस्ती

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन्ही तालुके भातशेतीचे. कापणी झाली की भारे खळ्यावर यावयाचे, झोडणी व्हावयाची, दाणा उन्हात वाळावयाचा आणि मगच तो कणगीत किंवा बाजारात जावयाचा, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. पूर्वी खळे मातीचे असे. दिवाळीच्या सुमारास जमीन खणून, पाणी शिंपून, चोपण्याने चोपून व शेणाने सारवून ते दरवर्षी नवे केले जाई. गेल्या काही दशकांत पक्की घरे वाढली. १९८५ पासून इंदिरा आवास योजनेतून व २०१६ पासून प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतून घरकुले उभी राहिली, आणि घरापुढील अंगणावरही सिमेंट-काँक्रीटचा कोबा आला. आज अनेक घरी हे अंगणच सुगीच्या दिवसांत खळ्याचे काम देते.

मातीचे खळे दरवर्षी सारवावे लागते हे प्रत्येकास ठाऊक असते. परंतु काँक्रीट एकदा केले की ते कायमचे झाले, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज बरोबर नाही. काँक्रीटही झिजते व त्यालाही निगा लागते. मात्र सारवणाचा जो नियम तोच काँक्रीटचा आहे. पाया घट्ट असेल, जुना थर झाडून स्वच्छ केला असेल व तो ओलावून घेतला असेल, तरच नवा थर त्याला धरतो. हा नियम न पाळता झिजलेल्या कोब्यावर सिमेंटचा हात फिरविला, तर तो थर एका पावसाळ्यात पापडासारखा सुटतो आणि पैसा व श्रम दोन्ही वाया जातात. दुरुस्तीची योग्य रीत कोणती, हे शेतकरी बंधू-भगिनींना व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना समजावे, हा या लेखाचा हेतू आहे.

झिजलेल्या कोब्यामुळे होणारे नुकसान

पहिले नुकसान धान्याचे. कोब्याचा वरचा थर सुटू लागला की त्याची वाळू व खडीचे कण भातात मिसळतात. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी भागात महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ आधारभूत किमतीने भाताची खरेदी करते. या खरेदीसाठी ठरलेल्या दर्जानुसार भातातील ओलावा १७ टक्क्यांहून अधिक व माती-खडे यांसारखे पदार्थ १ टक्क्याहून अधिक चालत नाहीत. म्हणजे एका क्विंटलमागे एक किलो खडा-माती ही शेवटची मर्यादा झाली. वर्षभर कष्ट करून पिकविलेला चांगला दाणा केवळ खळ्याच्या दोषामुळे पुन्हा चाळावा लागावा अथवा परत आणावा लागावा, ही गोष्ट खचितच टाळण्यासारखी आहे. शिवाय झिजलेल्या कोब्यात खळगे पडतात. ऑक्टोबरातील अवेळी पावसाचे पाणी त्यांत साचून राहिले, तर त्या जागेवरचा भात वाळत नाही व त्याला कोंब फुटण्याची भीती असते.

दुसरे नुकसान माणसांचे व जनावरांचे. या भागात वर्षाकाठी अदमासे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खडबडीत झालेल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या कोब्यावर शेवाळ लवकर येते. त्यावरून घसरून वृद्ध माणसाचे हाड मोडले अथवा गाभण जनावर पडले, तर त्याची किंमत दुरुस्तीच्या खर्चाहून किती तरी अधिक असते.

तिसरे नुकसान घराचे. अंगणाचा उतार बिघडला की पाणी जोत्याकडे वळते, भिंतीत ओल चढते व घरात साठविलेले धान्यही दमट होते.

कोबा का झिजतो?

सिमेंट वाळून घट्ट होते, असे सामान्यतः बोलले जाते. वस्तुतः सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. या संयोगास लागते त्याहून पुष्कळच अधिक पाणी मिश्रणात घातले, तर जादा पाणी वर येते व आपल्याबरोबर सिमेंटचे अतिबारीक कण आणून पृष्ठभागावर दुधावरील सायीसारखा कच्चा थर तयार करते. हा थर पायाखाली लवकर भुकटी होतो. उलट, काम झाल्यावर पाणी मारलेच नाही, तर संयोग अर्धवट राहतो व पृष्ठभाग कच्चाच राहतो. चकाकी यावी म्हणून कोब्यावर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची जी रीत आहे, तिनेही वर एक ठिसूळ पापुद्रा तयार होतो व तो पुढे सुटतो. हे तिन्ही दोष काम करतानाचे आहेत.

पुढील दोष वापराचे होत. थंड देशांत काँक्रीटमधील पाणी गोठून फुगते व त्यामुळे काँक्रीट फुटते. आपल्याकडे ती भीती नाही. आपल्याकडे चार महिने भिजणे व पुढे उन्हात तापणे, शेण-मूत्राचे पाणी मुरणे, भात मळण्यासाठी ट्रॅक्टर फिरविणे, लोखंडी अवजारे ओढणे आणि कोब्यावरच चूल पेटविणे ही झिजण्याची मुख्य कारणे आहेत. चूल अथवा शेकोटी यांच्या उष्णतेने काँक्रीटचे पापुद्रे उडतात, म्हणून विस्तव मातीच्या थरावर अथवा विटांवर करावा.

याखेरीज सर्वांत वाईट दोष पायाचा होय. खालचा मुरूम नीट चोपलेला नसेल अथवा पागोळ्यांच्या पाण्याने वाहून गेला असेल, तर कोबा अधांतरी राहतो व तडकतो. असा दोष वरून थर देऊन कधीही बरा होत नाही.

दुरुस्तीपूर्वी परीक्षा

दुरुस्ती करण्यापूर्वी पुढील चार परीक्षा घ्याव्यात. त्यांना विशेष साधने लागत नाहीत.

(१) ठोकून पाहणे – लोखंडी पहारीच्या टोकाने अथवा हातोडीने फुटाफुटावर हलके ठोकावे. भरीव आवाज आला तर कोबा पायाला धरून आहे. पोकळ आवाज येईल त्या जागेभोवती कोळशाने रेघ ओढावी.

(२) खरवडून पाहणे – खिळ्याने ओरखडा काढावा. केवळ पांढरी रेघ उमटली तर पृष्ठभाग टणक आहे; खिळा रुतून भुकटी निघाली तर तो थर काढून टाकला पाहिजे.

(३) पाणी ओतून पाहणे – दोन-तीन बादल्या पाणी वरच्या अंगास ओतावे व ते कोणीकडे वाहते आणि कोठे थांबते, ते पाहावे. खळग्यांच्या कडा खडूने आखून ठेवाव्यात.

(४) भेगा पाहणे – केसासारख्या बारीक भेगांची चिंता नको. मात्र भेगेच्या एका बाजूची पातळी दुसरीहून खाली गेली असेल, अथवा पावसाळ्यात रुंदावून उन्हाळ्यात मिटणारी भेग असेल, तर खालची जमीन हलत आहे असे समजावे.

कोणता उपाय योजावा?

परीक्षेनंतर कोब्याची वर्गवारी तीन प्रकारांत करता येते.

पहिला प्रकार – कोबा भरीव व टणक आहे, केवळ शेवाळ व मळ साचला आहे. यास नवा थर देण्याचे कारण नाही. तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ करावा, पाण्याचा निचरा सुधारावा, एवढे पुरे.

दुसरा प्रकार – कोबा पायाला धरून आहे, परंतु वरची खडी उघडी पडली आहे, खळगे पडले आहेत. यास २५ ते ४० मिलिमीटर जाडीचा बारीक खडीच्या काँक्रीटचा थर द्यावा. या लेखात मुख्यतः याच प्रकाराचा विचार केला आहे. पोकळ आवाजाचे तुकडे थोडेच असतील तर ते आधी फोडून, खाली मुरूम चोपून भरून घ्यावेत.

तिसरा प्रकार – निम्म्याच्या आसपास कोबा पोकळ वाजतो, खचला आहे किंवा तडकून हलतो आहे. तो फोडून काढावा, मुरूम पाण्याने भिजवून थराथराने चोपावा व त्यावर १०० मिलिमीटर जाडीचे नवे काँक्रीट करावे. फोडलेले तुकडे पायात भरण्यास उपयोगी पडतात. येथे वरून थर देऊन काटकसर करणे म्हणजे दोनदा खर्च करणे होय.

सबंध अंगण एकाच वर्षी करण्याची ऐपत नसेल, तर आधी भात वाळविण्याची जागा, मग दारापुढील वाट व मोरीजवळची जागा, असा क्रम ठेवावा. यंदा काहीच करणे शक्य नसेल तर निदान भात ताडपत्रीवर वाळवावा. खडा मिसळण्याचा दोष त्याने टळतो.

हंगाम व पाण्याची सोय

या कामात सिमेंटइतकेच महत्त्व पाण्याला आहे. शहापूर तालुक्यात १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण आहे, भातसा धरण आहे व त्यांचे पाणी मुंबईस जाते. तथापि याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही वस्तुस्थिती आहे. एप्रिल-मे महिन्यांत काम काढले तर प्रखर उन्हाने नवा थर वेगाने सुकतो आणि त्यावर मारावयास पाणी नसते. पावसाळ्यात तर हे काम करूच नये. म्हणून भाताची झोडणी संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत योग्य होय. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते; त्या सुमारास हवा थंड असते, विहिरींना पाणी असते व शेतकऱ्यास थोडी उसंत असते.

लागणारे सामान

थरासाठी एक भाग सिमेंट, एक भाग वाळू व दोन भाग बारीक खडी हे प्रमाण घ्यावे. खडी काळ्या दगडाची, ६ ते १० मिलिमीटर आकाराची व धुतलेली असावी. खाडीची रेती क्षारयुक्त असते. ती गोड्या पाण्याने धुतल्यावाचून वापरू नये. क्रशरची वाळू चालते. मात्र तिच्यात दगडाची भुकटी फार असेल तर मिश्रणास पाणी अधिक लागते व थर कच्चा होतो, म्हणून तीही चाळून व धुऊन घ्यावी.

माप घमेल्याच्या अंदाजाने न घेता लाकडी खोक्याने घ्यावे. आतून ४० सें.मी. लांब, ३५ सें.मी. रुंद व २५ सें.मी. उंच खोक्यात ३५ लिटर माल मावतो व ५० किलोच्या एका सिमेंटच्या गोणीचे मापही तेवढेच असते. म्हणजे एका गोणीस वाळूचे एक खोके व खडीची दोन खोकी पडतात.

१०० चौरस फूट जागेवर ३० मिलिमीटर जाडीच्या थरासाठी सुमारे ३ गोणी सिमेंट, ४ घनफूट वाळू व ८ घनफूट बारीक खडी लागते. जोड साधण्याच्या घोळासाठी आणखी अर्धी गोणी सिमेंट धरावे. एका गोणीस पाणी २२ लिटरांहून अधिक घालू नये, आणि वाळू ओली असेल तर याहूनही कमी घालावे. मिश्रण मुठीत दाबले असता त्याचा लाडू वळावा, परंतु त्यातून पाणी ओघळू नये, ही त्याची खूण होय. सिमेंट शक्यतो ताजे आणावे व जमिनीला न टेकविता फळ्यांवर ठेवावे. गाठी झालेले सिमेंट वापरू नये.

जुना पृष्ठभाग तयार करणे

सर्व कामात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे व याचीच सर्वांत अधिक हेळसांड होते.

प्रथम शेवाळ, शेणाचे सारवण व तेलाचे डाग पूर्णपणे काढावेत. सारवण कोब्याच्या छिद्रांत बसलेले असते व त्यावर सिमेंट धरत नाही. शेवाळासाठी १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळून ते पाणी पसरावे, अर्धा तास थांबून तारेच्या ब्रशाने घासावे व भरपूर पाण्याने धुवावे. अम्लाने कोबा धुण्याची रीत काही ठिकाणी आहे. गोठ्याजवळ व विहिरीजवळ ती टाळावी. अम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी वायू निघतो, हे विसरू नये.

नंतर छिन्नी-हातोडीने सबंध पृष्ठभाग टोचून खडबडीत करावा. कच्चा थर निघून खालची खडी दिसली पाहिजे. जेथे दुरुस्तीची हद्द संपते तेथे निमुळती कड न ठेवता २५ मिलिमीटर खोल उभी खाच घ्यावी. नवा थर सुकताना किंचित आकसतो. जुना कोबा आकसत नाही. या ओढाताणीत पातळ कड प्रथम उचलली जाते, उभ्या खाचेत बसलेली जाड कड मात्र टिकते.

त्यानंतर खराट्याने झाडून व पाण्याने धुऊन सर्व भुकटी काढावी. हात फिरविला असता तळव्यास पांढरे लागू नये. मग कोबा रात्रभर भिजत ठेवावा. कोरडा जुना कोबा नव्या मिश्रणातील पाणी शोषून घेतो व नेमका जोडाच्या जागीच सिमेंट कच्चे राहते. उलट, थर टाकताना वर पाणी साचलेले असेल तर जोडाच्या जागी मिश्रण पातळ होऊन तेवढाच दुबळेपणा येतो. म्हणून सकाळी साचलेले पाणी पुसून घ्यावे. कोबा आतून ओला व वरून चमक नसलेला, अशी स्थिती साधावी.

नवा थर टाकणे

काम सकाळी लवकर सुरू करावे. अंगणाचे साधारण १० फूट लांब व १० फूट रुंद चौकोन पाडावेत व एकाआड एक चौकोन भरावा. जुन्या कोब्यात जेथे सांधा असेल तेथेच नव्या थरातही सांधा ठेवावा. तो बुजविला तर भेग आपली वाट स्वतः काढते. उतार दर पाच फुटांस एक इंच, घराकडून बाहेर, असा ठेवावा व पाणसळीने तपासावा. थरामुळे अंगणाची पातळी वाढते. तेव्हा उंबऱ्याची उंची, मोरीचे तोंड आणि शेजाऱ्याच्या अंगणाकडे जाणारे पाणी यांचा विचार आधीच करावा.

सिमेंट व पाणी यांचा दाट घोळ करून तो ताठ ब्रशाने कोब्यावर घासून लावावा. जेवढ्या जागेवर १० मिनिटांत काँक्रीट टाकता येईल, तेवढ्याच जागेवर तो लावावा. घोळ सुकल्यास तो जोडण्याऐवजी तोडण्याचे काम करतो. बाजारात मिळणारे एस.बी.आर. लॅटेक्स या घोळात मिसळल्यास जोड अधिक पक्का होतो. त्याचे प्रमाण डब्यावरील सूचनेप्रमाणे घ्यावे. लाकूडकामाचा पांढरा गोंद मात्र वापरू नये, कारण पावसात तो पुन्हा मऊ पडतो.

घोळ ओला असतानाच काँक्रीट टाकून थापीने दाबावे व सरळ फळीने सारखे करावे. वर आलेले पाणी नाहीसे होईपर्यंत थांबावे व मग लाकडी रंध्याने घोटावे. कोरडे सिमेंट भुरभुरू नये व पोलादी थापीने आरशासारखे गुळगुळीतही करू नये. भात वाळविण्याच्या जागी रंध्याचे घोटणे पुरे, म्हणजे दाणा अडकत नाही व पायही घसरत नाही. वाटेवर मऊ झाडूने आडव्या रेघा ओढाव्यात. गोठ्यात थर देत असाल तर वीतभर अंतराने उथळ खाचा पाडाव्यात.

पाणी मारणे

थर बोटाने दबेनासा झाला की त्यावर ओले गोणपाट पसरावे. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचे काम किमान ७ दिवस व मिश्र सिमेंटचे किमान १० दिवस सतत ओले ठेवावे लागते. मिश्र सिमेंटसाठी हा काळ १४ दिवसांपर्यंत वाढवावा अशी शिफारस आहे. पी.पी.सी. म्हणून मिळणारे सिमेंट मिश्र प्रकारचे असते. सबब १४ दिवस हाच नियम धरावा.

पाण्याची टंचाई असेल तेथे ओल्या गोणपाटावर प्लास्टिकचा कागद अंथरून कडांवर दगड ठेवावेत. त्यामुळे बाष्पीभवन थांबते व थोड्या पाण्यात काम भागते. सकाळी ओले व दुपारी कोरडे, असे होऊ देऊ नये. तीन दिवस त्यावर कोणी चालू नये, १४ दिवस धान्य पसरू नये व २८ दिवस ट्रॅक्टर नेऊ नये.

काम करणाऱ्यांची सुरक्षितता

ओले सिमेंट कातडी जाळते. म्हणून रबरी हातमोजे व बूट घालावेत. डोळ्यात कण गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे व डॉक्टरांस दाखवावे. टोचताना उडणारी दगडाची भुकटी फुप्फुसास अपायकारक असते; कोबा ओला ठेवून टोचावा व नाका-तोंडावर मास्क बांधावा.

पुढील निगा

दरवर्षी मृगापूर्वी अंगणाच्या कडेची चर मोकळी करावी व पागोळ्यांचे पाणी कोब्याच्या कडेखाली शिरणार नाही, असे पाहावे. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा खराट्याने शेवाळ काढावे. दसऱ्यानंतर, भात खळ्यावर येण्यापूर्वी, पुन्हा एकदा ठोकून पाहावे. वीतभर जागा पोकळ वाजत असेल तर ती त्याच वर्षी दुरुस्त करावी. पुढील पावसाळा तिची हातभर करतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील गवंड्यांना एकत्र बोलावून, एखाद्या तयार शेतकऱ्याच्या अंगणात १०० चौरस फुटांचे काम सर्वांसमक्ष करून दाखवावे. विशेषतः टोचणे, धुणे, भिजविणे व १४ दिवस ओले ठेवणे या चार गोष्टी लोकांनी प्रत्यक्ष पाहिल्या, तर पुढील वर्षी त्या न सांगता होतील. चांगल्या खळ्याने पीक वाढत नाही हे खरे. परंतु पिकलेला दाणा स्वच्छ व कोरडा घरात येतो, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा मोबदला त्या दाण्यावरच ठरतो.